बस्तान बसवणारे अण्णा

प्रत्येक सोसायटीत एक माणूस असा असतो, की नव्या बिऱ्हाडाचा टेम्पो गेटात वळायच्या आत तो खाली हजर असतो. सामान उचलायला नव्हे; ते कुठे ठेवायचं हे सांगायला. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत हे खातं अण्णांकडे आहे. दूधवाला कोण, पाणी किती वाजता जातं, कुठल्या मावशींची पोळी मऊ असते आणि कुठल्या मावशी दर सोमवारी दांडी मारतात, हे सगळं अण्णा एका कागदावर लिहून आणतात आणि तुमच्या फ्रिजवर स्वतः चिकटवतात. त्याआधी फ्रिज हलवतात. "इथे नको. आधीचे लोक इथेच ठेवायचे, कॉम्प्रेसर गेला." नव्या घरात आलेल्या माणसाला दोन-चार दिवस नुसतं गोंधळून बसायचं असतं, गादीच्या गुंडाळीवर बसून चहा प्यायचा असतो. अण्णांनी ही मुभा आजवर कुणाला दिलेली नाही. आठवड्याच्या आत तुम्ही गणेशोत्सवाच्या कमिटीत असता.

अण्णा वाईट नाहीत. ते नसते तर माझं रेशनकार्ड आजही जुन्याच पत्त्यावर असतं. फक्त समोरच्याला मदत हवी आहे का, हा प्रश्न त्यांना जन्मात पडलेला नाही.

अशा या अण्णांच्या राज्यात, तिसऱ्या मजल्यावर, एक म्हातारा पोपट राहायला आला.

आला तो सुमनताईंकडे. ताई निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. हा पोपट एका साडीच्या दुकानात गल्ल्याशेजारी वर्षानुवर्षं बसलेला. दुकानातले नोकर त्याला 'शेठ' म्हणायचे. दुकान बंद पडलं, मुलांनी वाटण्या केल्या, शेठ कुणाच्याच वाट्याला आले नाहीत. गोडाउनमध्ये गठ्ठ्यांच्या मागे पडलेला त्यांचा पिंजरा पक्षिमित्रांच्या एका संस्थेनं सोडवला. राखाडी अंग, लाल शेपूट, फिकट पिवळे डोळे. डोक्यावरची पिसं दाट आणि छाती मात्र उघडीबोडकी, स्वतःच उपटून काढलेली. डोकं तेवढं वाचलं, कारण तिथे स्वतःची चोच पोचत नाही. वयाचा पत्ता नाही. एकदा पुरता वाढलेला आफ्रिकन ग्रे विशीतला की चाळिशीतला, हे नुसतं बघून डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पायाची आखडलेली बोटं बघून अण्णांनी तो आपल्याच बॅचचा असल्याचं जाहीर केलं.

शिरस्त्याप्रमाणे आधी कागदपत्रं. "ताई, पोपट पाळणं गुन्हा आहे." अण्णांचं हे अर्धं बरोबर होतं. आपला हिरवा, गळ्यात कंठ असलेला पोपट १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, त्याला पिंजऱ्यात ठेवता येत नाही. शेठ पडले परदेशी. अशा पक्ष्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, ती झालेली होती. अण्णांनी तिची झेरॉक्स मागून घेतली आणि सोसायटीच्या 'भाडेकरू' फायलीत लावली.

मग ते कामाला लागले. पहिल्याच संध्याकाळी नवा ऐसपैस पिंजरा, झोपाळा, आरसा, घुंगरू आणि पाव किलो हिरव्या मिरच्या. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही, त्यामुळे त्यात शेठचं काही बिघडलं नसतं. पण शेठ पिंजऱ्याच्या पार मागच्या कोपऱ्यात जाऊन, पिसं अंगाशी घट्ट दाबून, काठीसारखे उभे राहिले. अण्णा म्हणाले, "लाजतोय."

पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे ताई निघाल्या तेव्हा रिक्षात अण्णा आधीच बसलेले होते. डॉक्टरांनी जे सांगितलं ते अण्णांच्या आयुष्यभराच्या कार्याच्या विरोधात जाणारं होतं. जुना पिंजरा कितीही कळकट असला तरी तूर्त तोच ठेवा, त्याच्या ओळखीचं एवढं एकच उरलंय. मागे भिंत हवी, म्हणजे पाठीकडून कुणी येणार नाही अशी खात्री वाटते. एकेक बदल करा, मध्ये दिवस जाऊ द्या. झोप दहा-बारा तास, अंधारात. उगाच हात घालू नका. टक लावून बघू नका. दोन्ही डोळे रोखून बघतो तो शिकारी, असं त्याच्या रक्तात आहे. जवळपास बसा, आपलं काहीतरी करत राहा, त्याच्याकडे दुर्लक्ष करा.

"किती दिवस?" अण्णांनी विचारलं.

"तो ठरवेल," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या रिक्षात अण्णा काही बोलले नाहीत. ताई म्हणतात, त्या प्रवासातच त्यांना शेठबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

करण्यासारखं होतं ते अण्णांनी झपाट्यानं केलं. म्हाताऱ्या पायांना गुळगुळीत एकसारखी दांडी सोसत नाही, जाडबारीक खडबडीत फांदी लागते. म्हणून आवारातल्या पेरूची फांदी तोडायला त्यांनी मासिक सभेत ठराव मांडला आणि विरोधात गेलेल्या दोघांची नावं इतिवृत्तात घातली. तापलेल्या नॉनस्टिकच्या धुरानं पक्षी मिनिटांत मरू शकतो, हे कळलं तेव्हा तर ते मजल्यामजल्यावर फिरले. ताईंच्या स्वयंपाकघरापुरतं ते खरंच गरजेचं होतं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या पोपटापायी आमच्याकडे तळमजल्यावर बिडाचा तवा आला, आणि पहिले काही डोसे आम्ही उलथन्यानं खरवडून चमच्यानं खाल्ले. ताईंच्या देवघरातली उदबत्ती बंद झाली. ताईंनी देवाची समजूत काढली, अण्णांनी ताईंची.

खाण्याचं प्रकरण जास्त चिवट निघालं. दुकानात शेठना जन्मभर सूर्यफुलाच्या बिया घातलेल्या. नुसत्या बियांवर यकृताला चरबी धरते, अ जीवनसत्त्व कमी पडतं. पण म्हातारा पक्षी नवं अन्न अन्न म्हणून ओळखतच नाही, एकदम बिया काढून घेतल्या तर उपाशी राहील. बिया हळूहळू कमी करायच्या, किचनच्या काट्यावर रोज वजन करायचं आणि नवीन पदार्थ त्याच्यासमोर आपण चवीनं खायचा. पोपट थव्यात जेवणारा प्राणी, दुसरा खातोय म्हटल्यावर त्याला धीर येतो. अण्णांनी उकडलेला लाल भोपळा साठ वर्षं ताटात बाजूला सारला होता. तो ते आता शेठकडे तिरकं बघत, "वा! काय गोड आहे!" म्हणत खाऊ लागले. अण्णांच्या बायकोनं हे दाराच्या फटीतून बघितलं आणि ती कुणाशी न बोलता खाली निघून गेली. शेठनी भोपळ्याची फोड उचलली, नीट निरखली आणि टाकली.

राहता राहिलं काहीही न करणं. हे एकट्याला झेपण्यासारखं नाही, हे अण्णांनी ओळखलं आणि त्याची ड्यूटी लावली. जिन्यात तक्ता चिकटला: 'शेठ: काहीही न करण्याच्या पाळ्या.' चार ते पाच काकू, पाच ते सहा मी, सहा ते सात स्वतः अण्णा. खाली सूचना: वेळेवर येणे, पिंजऱ्याकडे पाहू नये, बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडू नये. अण्णा स्वतःच्या पाळीला खुर्ची आडवी लावून बसत आणि भिंतीशी बोलल्यासारखं शेठना सोसायटीचा इतिहास सांगत. मध्येच काटकोनात मान वळवून "आहे का बघतोय?" असं ताईंना विचारत. इतर पाळ्यांवर देखरेख करायला त्यांना चार वाजताच यावं लागे, त्यामुळे शेठभोवती कायम दोन माणसं काहीही न करत असायची. शेठच्या तोंडून अजून चकार शब्द नव्हता.

परीक्षा संपल्यावर अकरावीतल्या ओंकारचं नाव तक्त्यात आलं ते शिक्षा म्हणून. मुलगा मोबाइलमधून मान वर काढत नाही ही अख्ख्या इमारतीची तक्रार. तो आला, भिंतीला टेकून जमिनीवर बसला, मोबाइलमध्ये घुसला. तासभर हलला नाही, बोलला नाही, एकदाही वर बघितलं नाही. सुट्टीभर हेच चाललं. हळूहळू शेठ मागचा कोपरा सोडून पुढच्या फांदीवर येऊ लागले. एका संध्याकाळी त्यांनी एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतला, अंग सैल सोडलं आणि चोचीनं करकर आवाज काढायला सुरुवात केली.

"दात खातोय तुझ्यावर," अण्णा दारातून म्हणाले.

ताईंनी डॉक्टरांना फोन केला. पक्ष्याला निर्धास्त वाटलं, झोप आली, की तो अशी चोच घासतो, असं उत्तर आलं. ओंकारनं तेव्हाही वर बघितलं नाही. या मुलाला आपण गेली तीन वर्षं क्लास लावून, समुपदेशकाकडे नेऊन बदलायला निघालो होतो, हे अण्णांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्यांनी तक्त्यातली ओंकारची पाळी वाढवली आणि पुढे कंसात 'तात्पुरती' असं लिहिलं.

शेठ बोलले ते अण्णांच्याच पाळीला. पंखा फिरत होता, भोपळा खाऊन अण्णांना डुलकी लागलेली. एकदम दुकानातल्या मुरलेल्या सेल्समनचा आवाज आला, "बसा ताई! पाणी घ्या!"

अण्णा दचकून उठले. बघू नये हा नियम विसरून थेट पिंजऱ्यासमोर गेले आणि हात जोडून म्हणाले, "राम राम म्हणा शेठ. राम राम."

शेठनी मान तिरकी केली. एका डोळ्यानं अण्णांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "कलर आहेत ह्यात. दाखवू?"

"राम राम."

"फिक्स रेट आहे ताई."

भाजीवाल्यापासून सोसायटीच्या रंगारी ठेकेदारापर्यंत अण्णांनी आयुष्यात कुठला भाव पहिल्या बोलीत मान्य केला नव्हता. ते खुर्ची सरळ करून बसले. "असं कसं फिक्स? माणूस बघून बोला की जरा!"

"फिक्स रेट," शेठ म्हणाले.

ताईंनी सात वाजता दिवा बंद केला, पिंजऱ्यावर चादर टाकली. अण्णांना दाराबाहेर काढेपर्यंत आठ वाजले.