दिल्लीकर मराठी कुटुंबाची त्रिनिदाद-यात्रा: विधी आणि निषेध

दिल्ली आणि तिच्या भोवतालची नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद, फरिदाबाद ही नगरे मिळून जो प्रदेश होतो व ज्यास बोलीत एनसीआर म्हणतात, तेथे राहणारा मराठी मनुष्य हा जन्मतः समुद्राचा जाणकार असतो, असा त्याच्या अमराठी शेजाऱ्यांचा दृढ समज आहे. महाराष्ट्र म्हणजे मुंबई आणि मुंबई म्हणजे समुद्र, अशा दोनच पायऱ्यांच्या तर्कातून हा समज निपजलेला असल्यामुळे, संबंधित मनुष्य मूळचा चंद्रपूरचा, ग्वाल्हेरचा किंवा तीन पिढ्यांपासून पहाडगंजातला असला तरी त्यास बाध येत नाही. वस्तुतः मराठ्यांचा दिल्लीशी आलेला संबंध घोडदळाचा आहे, आरमाराचा नव्हे. १७७१ साली महादजी शिंद्यांच्या फौजा दिल्लीत शिरल्या तेव्हा कान्होजी आंग्रे वारून चार दशके उलटली होती, आणि यमुनेत गलबत घालण्याचा विचार कोणाच्या डोक्यात आल्याचे ऐकिवात नाही.

तरीही हा समज दूर करण्याच्या फंदात पडू नये. लिफ्टमध्ये गुप्ताजींनी "आप तो समुंदरवाले हैं, कहीं ले चलिए" असे म्हटल्यावर जो नागपूरकर प्रामाणिकपणे फुटाळा तलावाचे नाव घेतो, त्यास पुढील दिवाळीत काजूकतलीऐवजी सोनपापडीचा डबा येतो आणि तोही आधी दोन घरे फिरून आलेला असतो. मोठेपणा आयताच मिळत असता तो नाकारणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे. प्रश्न एवढाच उरतो की हे जाणतेपण उघडे पडू नये अशा बेताने मंडळींना न्यावे कोठे. गोवा या कामी निरुपयोगी होय, कारण तेथे निम्मी दिल्ली आधीच उतरलेली असते, आणि मालवणात तर खरे जाणकारच राहतात. म्हणून येथे कॅरिबियनची शिफारस केली आहे. कॅरिबियन म्हणजे दोन्ही अमेरिकांच्या मध्ये पूर्वेकडे पसरलेला समुद्र व त्यातील बेटे; मराठी वाचक त्यांना वेस्ट इंडीज म्हणून ओळखतो, आणि ही बेटे नसून अकरा उंच माणसे आहेत असे अनेक घरांत आजही मानले जाते.

या बेटांपैकी त्रिनिदाद निवडण्याचे कारण घरातील ज्येष्ठ मंडळी. पोर्ट ऑफ स्पेन हे शहर त्यांना कधीही न पाहता पाठ असते. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने तेथील क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावर कसोटी जिंकली, मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी त्या सामन्यात शतक काढले, सुनील गावस्करांनी तेथेच पदार्पण करून चार कसोट्यांत ७७४ धावा जमवल्या आणि लॉर्ड रिलेटर या स्थानिक गायकाने त्यांच्यावर कॅलिप्सो रचला. कॅलिप्सो म्हणजे चालू घडामोडींवर टोमणे मारणारे त्रिनिदादी गाणे. अशा आजोबांना आधी किनाऱ्यावर नेणे ही ढोबळ चूक ठरते. त्यांना प्रथम ओव्हलच्या फाटकाशी उभे करावे, एक छायाचित्र काढावे, आणि त्यानंतर त्यांना समुद्रात न्या वा वाळवंटात, ते तक्रार करीत नाहीत.

काळ जानेवारी ते मे हा उत्तम, कारण तेव्हा त्रिनिदादमध्ये कोरडा ऋतू असतो. त्यातही जानेवारी साधल्यास ग्रॅप, म्हणजे हवा बिघडेल तसतसे निर्बंध वाढवत नेणारी चार टप्प्यांची योजना, कितव्या टप्प्यात आहे हे सकाळी उठून पाहावे लागत नाही; दाट धुक्यामुळे विमान धावपट्टीवरच खोळंबले तर तेवढा काळ मात्र तो टप्पा भोगूनच जावे लागते.

व्हिसाचे प्रकरण वरवर सोपे आहे. भारतीय पारपत्रधारक पर्यटकास त्रिनिदादमध्ये ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, आणि ही वार्ता सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पडताच जाणाऱ्यांची संख्या तिप्पट होते. परंतु दिल्लीहून तेथे थेट विमान नाही. न्यूयॉर्कमार्गे जायचे तर केवळ विमान बदलण्यासाठीसुद्धा अमेरिकेचा व्हिसा हवा, आणि लंडनमार्गे जायचे तर, अमेरिकेचा किंवा तत्सम व्हिसा गाठीशी नसल्यास, ब्रिटनचा पारगमन व्हिसा हवा. पारगमन व्हिसा म्हणजे ज्या देशात जायचे नाही त्या देशात आपण खरोखरच जाणार नाही, हे पैसे भरून पटवून देण्याची सोय. येथे गटातील निम्मी मंडळी गळतात आणि पुन्हा गोव्याची तिकिटे पाहू लागतात. त्यांना अडवू नये.

उरलेल्यांनी मंदिर मार्गावरील नवी दिल्ली नगरपालिका परिषदेच्या आंतरराष्ट्रीय लसीकरण केंद्राचा रस्ता धरावा. त्रिनिदाद हे पीतज्वराच्या यादीतील स्थळ असल्यामुळे तेथून परतणाऱ्याजवळ लसीचा पिवळा दाखला नसेल, तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात काढावे लागतात. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी दाखला ग्राह्य होतो आणि पुढे तो आजन्म चालतो. हा निर्बंध ऐकून सोसायटीत नेहमी विचारले जाते की दिल्लीच्या डासांनी जे सोसले नाही असे त्या बेटावर काय आहे. उत्तर शास्त्रीय आहे. पीतज्वर पसरवणारा एडिस डास तोच, जो दिल्लीत डेंग्यू पसरवतो, ज्याच्या अळ्या महानगरपालिकेचे कर्मचारी कूलरच्या पाण्यात बॅटरी मारून शोधतात आणि सापडल्यास घरमालकाच्या हाती नोटीस ठेवतात. भारतात वाहक मुबलक आहे, केवळ तो विषाणू नाही. तेव्हा अडवणूक प्रवाशाची होत असली, तरी अविश्वास आहे तो आपल्या घरच्या डासांवर. दाखला हातातल्या पिशवीत ठेवावा. सामानात दिलेल्या बॅगेतला दाखला आरोग्य अधिकाऱ्यास दिसत नाही.

पोर्ट ऑफ स्पेनहून उत्तरेचा डोंगर वळणावळणाने ओलांडला की मराकास हा किनारा लागतो, आणि नेतृत्वाची खरी कसोटी येथे सुरू होते. जाणकाराने पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हात मागे बांधून क्षितिजाकडे पाहावे आणि काही वेळाने "भरती लागली" असे म्हणावे. दिवसातून सुमारे दोनदा भरती व दोनदा ओहोटी होत असल्याने हे विधान खरे ठरण्याची शक्यता निम्मी असते, आणि नोएडातील फ्लॅटचा ताबा कधी मिळेल याविषयीच्या कोणत्याही विधानापेक्षा ती पुष्कळ अधिक आहे. पोहण्याचा विषय निघाल्यास मात्र पांडित्य आवरावे. लाटा जोरकस असतात, आत ओढून नेणारे प्रवाह असतात. जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या निशाणांच्या मधेच उतरावे, आणि नुसते लाल निशाण दिसले तर क्षितिज पाहणेच चालू ठेवावे.

मराकासचे प्रसिद्ध खाणे म्हणजे तळलेल्या फुगीर पावात घातलेला शार्क. कोकणात यालाच मुशी किंवा मोरी म्हणतात, ही माहिती चंद्रपूरकराने आदल्या रात्री पाठ करून ठेवावी आणि सहज आठवल्यासारखी सांगावी. शाकाहारी शेजाऱ्यांची चिंता करण्याचे कारण नाही. ३० मे १८४५ रोजी फतेल रझाक हे जहाज करारबद्ध भारतीय मजुरांना घेऊन त्रिनिदादला लागले; पुढे १९१७पर्यंत येत राहिलेल्या या मजुरांत बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातील लोक बहुसंख्य होते. त्यांच्या वंशजांनी डबल्स हा पदार्थ रूढ केला: हळदीने पिवळ्या झालेल्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या आणि त्यांच्यामध्ये रस्सेदार छोले. म्हणजे अर्धी पृथ्वी ओलांडून गेलेला दिल्लीकर सकाळी फुटपाथवर उभा राहून छोलेच खातो, आणि पहिल्या घासाबरोबर "चावडी बाजारवाली बात नहीं" असा निकाल देतो. तिखट किती हवे असे विक्रेत्याने विचारल्यास दिल्लीचा अभिमान मध्ये आणू नये. तेथील मिरची अभिमान ओळखत नाही.

त्रिनिदादचे घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असते. दिल्लीत सकाळी साडेनऊला निवासी संघाच्या गटावर पार्किंग, भटकी कुत्री आणि पाण्याचा टँकर या तीन विषयांना तोंड फुटते, तेव्हा त्रिनिदादमध्ये बरोबर मध्यरात्रीचे बारा वाजलेले असतात. गट मूक करावा, सोडू नये. सोडल्यास परतल्यावर पार्किंग मिळत नाही.

शेवटचा मुक्काम टोबॅगो या जोडबेटावर ठेवावा. तेथे बक्कू प्रवाळाजवळ, किनाऱ्यापासून बरेच आत, भर समुद्रात वाळूचा असा उथळ पट्टा आहे की पाणी कमरेइतकेच लागते. तळ दिसणाऱ्या काचेच्या होडीतून लोकांना तेथे नेऊन उतरवतात. त्यास नायलॉन पूल म्हणतात, आणि १९६२ साली राजकन्या मार्गारेट यांनी आपल्या पारदर्शक मोज्यांवरून हे नाव दिले अशी आख्यायिका सांगतात. ज्यास पोहता येत नाही अशा समुद्रतज्ज्ञाला याहून सोयीची जागा पृथ्वीवर नसावी: तो समुद्राच्या मध्यभागी उभा राहून चारी दिशांना हात दाखवू शकतो आणि छायाचित्रात खोली दिसत नाही. येथे स्नान केल्याने वय काही वर्षांनी उतरते, अशीही स्थानिक समजूत आहे. निवृत्त केंद्रीय कर्मचाऱ्यांनी बुड्या मोजूनमापून माराव्यात, कारण येत्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना चेहरा कागदांवरील जन्मतारखेशी जुळला नाही, तर बँकेतील खिडकीवर नायलॉन पुलाचा खुलासा ग्राह्य धरला जात नाही.