तात्या सध्या कशावर आहेत?

‘सध्या कशावर आहात?’ असं आमच्या सोसायटीत कुणालाही विचारलं, तर समोरचा रक्तदाबाच्या गोळीचं नाव सांगतो. तात्यांचं तसं नाही. ते जिन्यात थांबतात, भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतात आणि म्हणतात, ‘‘फेडोरा. परवाच आलो.’’ पंधरवड्याने हाच प्रश्न पुन्हा विचारावा, तर फेडोरा हे नाव आयुष्यात कधी ऐकलंच नसावं अशा चेहऱ्याने सांगतात, ‘‘ते सोडलं. ओपनसुसे. जर्मन काम आहे.’’ संगणकावरची प्रणाली बदलणं हा चारचौघांचा नाइलाज असतो. तात्यांचा तो छंद, व्यायाम आणि उपासना आहे.

पाटबंधारे खात्यातून ते आरेखक म्हणून निवृत्त झाले. हयात ट्रेसिंग पेपरवर धरणांचे छेद काढण्यात गेली. ०.२ मिलिमीटरची रेघ आणि ०.३ ची रेघ यांतला फरक त्यांना अजून नुसत्या डोळ्यांनी कळतो, आणि कळला की बोलून दाखवल्याशिवाय राहवत नाही. मुलीने नवा लॅपटॉप घेतला तेव्हा तिचा जुना यांच्याकडे आला. रॅम दोन जीबी, बॅटरीने राम म्हटलेला, त्यामुळे चार्जर निघाला की खेळ खलास. आत विंडोज एक्सपी. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल थांबवली. एक्सपी वापरणाऱ्या बहुतेकांनी त्याची काडीची दखल घेतली नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये घेणारे तात्या एकटेच. ‘‘मुदत संपली म्हणजे संपली,’’ ते म्हणाले. त्याच महिन्यात उबुंटू या लिनक्स प्रणालीची नवी आवृत्ती आली होती, १४.०४. चौदा म्हणजे साल, शून्य-चार म्हणजे महिना. जावक क्रमांकांत आयुष्य गेलेल्या माणसाला ही पद्धत जागच्या जागी पटली. भाच्याने डीव्हीडी करून दिली, तात्यांनी एक्सपी पुसलं, आणि त्यांचं बस्तान जे उठलं ते पुढे कैक वर्षं बसलंच नाही.

पहिली ठेच काकूंना लागली. त्या काळच्या उबुंटूत खिडकी बंद करायची फुली डाव्या कोपऱ्यात असे. काकू सवयीने उजवीकडे जात आणि तिथे काहीच नसे. ‘‘अहो, याची फुली कुठे गेली?’’ असा स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाणारा प्रश्न दिवसातून तीनदा येऊ लागला. तात्यांनी फुली उजवीकडे आणली नाही. ते मिंटवर गेले. एवढ्या तेवढ्यासाठी अख्खी प्रणाली बदलायची असते, हा शोध त्यांना तेव्हा लागला आणि त्याचा उपयोग त्यांनी पुढे सढळ हाताने केला.

आता या लॅपटॉपवर कामं तरी कोणती होती? सोसायटीचे खजिनदार म्हणून हिशेब, विजेचं बिल, काकूंचा सकाळचा पेपर आणि रविवारी मुलीशी व्हिडिओ कॉल. या चार कामांना जगातली कुठलीही प्रणाली पुरते. मला फार उशिरा कळलं, की तात्यांना प्रणाली वापरायचीच नसते. त्यांना ती बसवायची असते. बसवताना पाहावं त्यांना! आधी भाषा निवडायची, मग जगाचा नकाशा येतो. त्यावर पुण्यावर टिचकी मारली तरी खाली ‘कोलकाता’ उमटतं, तेव्हा दर वेळी ‘‘हं’’ करून मान हलवायची. मग डिस्कचे भाग पाडायचे. इथे आरेखक जागा होतो. रूटला किती, होमला किती, स्वॅपला किती, हे तात्या आधी कागदावर पट्टीने आखतात, प्रमाण लिहितात, खाली सही करून तारीख घालतात. मग पडद्यावरची पट्टी सरकू लागते आणि त्या अर्ध्या तासात त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते पेन्शनच्या दिवशीही नसतं. पट्टी शंभरावर पोचते, यंत्र पुन्हा सुरू होतं, नवाकोरा डेस्कटॉप समोर येतो आणि चेहरा पडतो. झालं की! आता काय करायचं? एक दिवस वॉलपेपर बदलण्यात जातो, दुसरा आयकॉन बदलण्यात. तिसऱ्या दिवशी ते डिस्ट्रोवॉच उघडून लिनक्स प्रणालींची क्रमवारी बघत बसलेले दिसले, की काकू हिशेबाची वही काढून ठेवतात.

वर्षं अशी गेली. नोम डेस्कटॉपवर गेले तेव्हा खिडकी खाली घालायचं बटणच सापडेना. ते मुळात ठेवलेलंच नसतं, ही बनवणाऱ्यांची विचारपूर्वक भूमिका आहे, असं त्यांनी मला गंभीरपणे समजावलं आणि चौथ्या दिवशी बटण असलेल्या केडीईवर गेले. तिथे उलट झालं. केडीईत इतक्या गोष्टी बदलता येतात, की तात्या सेटिंगच्या खिडकीतून आठ दिवस बाहेरच आले नाहीत. मग बोधी लिनक्स. त्याच्या डेस्कटॉपचं नाव मोक्ष. मोक्षाला पोचून माणूस परत येतो हे शास्त्रात बसत नाही, पण तात्या गुरुवारी परत आले. पपीवर असताना तर त्यांनी दारावर येणाऱ्या कुरिअरवाल्यालाही सोडलं नाही. पपी अख्खं रॅममध्ये चढून बसतं, त्यामुळे चालू यंत्रातून पेनड्राइव्ह उपटला तरी काम सुरू राहतं. तात्या तो उपटून दाखवत. कुरिअरवाला सही मागे.

खरी परीक्षा झाली आर्चची. तेव्हा आर्चमध्ये सगळं हाताने, काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून बसवावं लागे. जे मागाल तेवढंच मिळतं, वर एक तीळ नाही. वायफायची चिप अशी निघाली की तिचा ड्रायव्हर इंटरनेटवरून आणायचा, आणि इंटरनेटला तर वायफाय हवं. शेवटी काकूंचा मोबाइल वायरने जोडला आणि त्यातून इंटरनेट ओढलं. तीन दिवस घरात फोन लागत नव्हता. चौथ्या दिवशी तात्यांनी विजयी मुद्रेने काकूंना पेपर उघडून दिला. पानभर चौकोन. मथळ्यात चौकोन, बातमीत चौकोन, निधनवार्तांत फोटोखाली चौकोन. देवनागरी फाँट मागितलाच नव्हता, म्हणून आलाही नव्हता. काकूंनी पान वरून खाली सरकवलं आणि म्हणाल्या, ‘‘कोण गेलंय तेवढं सांगा.’’

तरी घर चालत होतं. ते बिघडलं सोसायटीच्या लेखापरीक्षणाला. वर्षभराचा हिशेब तात्यांनी पेनड्राइव्हवर घेतला होता, यात शंका नाही. पण त्याच आठवड्यात मांजारो या प्रणालीची नवी प्रतिमा उतरवली, आणि हाताशी पेनड्राइव्ह तो एकच. अशी प्रतिमा पेनड्राइव्हवर चढवली की आधीचं सगळं पुसलं जातं. लेखापरीक्षकांनी तो आपल्या संगणकाला लावला. विंडोजला आतलं काही उमगेना. त्याने शिरस्त्याप्रमाणे विचारलं, वापरण्यापूर्वी फॉर्मॅट करावा लागेल, करू का? लेखापरीक्षकांचा हात माऊसवर. आणि तात्या खुर्चीतून ओरडले, ‘‘थांबा, नको! त्यात मांजारो आहे!’’

हिशेबाचं काय, हे विचारायला सगळ्यांना मिनिटभर लागलं. तोवर काकू घरून ती लांबट वही घेऊन आल्या होत्या. पहिल्या वर्षापासूनचा पैन् पैचा हिशेब त्यांनी निळ्या शाईत मांडून ठेवला होता. जमा डावीकडे, खर्च उजवीकडे. लेखापरीक्षक तासाभरात चहा पिऊन गेले.

त्या संध्याकाळी काकूंनी दोन अटी घातल्या. एक, यापुढे फुली उजवीकडेच राहील. दोन, यंत्र सुरू केल्यावर चहा होईपर्यंत पेपर उघडलेला असेल. तात्यांनी आठवडाभर अभ्यास केला. जड डेस्कटॉप खिडक्या सरकवताना नक्षीकाम करतात, शिवाय पाठीमागे फायलींची सूची करत बसतात. दोन जीबीत त्यांनाच जागा पुरत नाही, मग आपल्याला कुठली उरायची? निवड झाली ती डेबियनवर एक्सएफसीई. ओलिव्हिए फुर्दां या फ्रेंच माणसाने १९९६ मध्ये सुरू केलेला हा डेस्कटॉप. बोधचिन्ह उंदराचं. चपळ आहे, थोडक्यात भागवतो आणि फॅशनच्या नादी लागत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याची ४.१२ आवृत्ती आली, त्यानंतरची ४.१४ थेट ऑगस्ट २०१९ मध्ये. ‘‘साडेचार वर्षं!’’ तात्या म्हणाले. खात्यात असताना एवढ्या वेळात एखादा कालवा झाला तर सत्कार व्हायचा, पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’मधल्या पात्रांची नावं असतात, हे सुट्टीला आलेल्या नातवाला फार आवडलं. २०२१ ची अकरावी आवृत्ती बुल्सआय, म्हणजे वूडीचा घोडा. तात्यांची नजर तेवढ्यातही सिड नावाच्या शाखेकडे वळली होती. रोज नवं येतं तिथे, रोज काही ना काही बदलतं. नातू म्हणाला, ‘‘आजोबा, सिड खेळणी मोडतो.’’ ते खरंच आहे; डेबियनवाल्यांनी अस्थिर शाखेला ते नाव कायमचं देऊन ठेवलंय. काकूंनी नातवाला लाडू दिला.

आणि मग तो क्षण. प्रणाली बसवताना डेबियन विचारतं, रूटचा पासवर्ड काय ठेवायचा? रूट म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी. तात्या चष्मा पुसत होते. काकू खुर्चीत बसल्या, दोन बोटांनी काहीतरी टंकलं, खात्रीसाठी परत टंकलं आणि उठल्या. डेबियनची गंमत अशी, की रूटला पासवर्ड दिला तर साध्या वापरकर्त्याला ते आपण होऊन त्यातले कुठलेच अधिकार देत नाही. महिन्याभराने तात्यांनी गुपचूप एक नवा डॉक बसवायला घेतला, तेव्हा पडद्यावर इंग्रजीत उत्तर आलं : तुमचं नाव अधिकृतांच्या यादीत नाही, या प्रकाराची खबर दिली जाईल. कुणाला, ते यंत्राने लिहिलं नव्हतं. तात्यांनी मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं.

तेव्हापासून ते स्थिर आहेत, असं ते सांगतात. त्यांचं स्थिर असणं म्हणजे पडद्यावरच्या पट्टीची उंची २८ पिक्सेल असावी की २६, यावर एक पावसाळा घालवणं. ०.२ ची रेघ परत आली, एवढंच. रॅम किती वाचते हे ते आल्यागेल्याला दाखवतात : यंत्र सुरू झाल्यावर जेमतेम पाचशे एमबी! खरं सांगायचं तर ब्राउझरमध्ये पेपर, वीज मंडळ आणि मुलगी अशी तीन पानं उघडली की वाचलेलं सगळं गिळलं जातं, आणि मग हलकं काय नि जड काय, सगळे एकाच रांगेत. हे मी एकदा बोललो. तात्यांनी विषय बदलून पाऊस काढला.

पण बसवण्याची भूक कुठे जाणार? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची देखभाल संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि बऱ्याच धडधाकट जुन्या यंत्रांत ती नसते. अशी यंत्रं आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकुणाकडे आहेत, याची मजलेवार यादी तात्यांनी सप्टेंबरातच केली होती. पट्टीने आखून. सकाळी आठला आमची बेल वाजली. दारात तात्या, गळ्यात दोरीला अडकवलेला पेनड्राइव्ह, त्यावर काकूंच्या अक्षरात चिठ्ठी : ‘यात हिशेब नाही.’

‘‘माझं चाललंय हो ठीक,’’ मी म्हटलं.

‘‘चालू दे की. बसवतंय कोण? नुसतं बूट करून बघू.’’ तात्या चपला काढून आत आले होते. ‘‘तुमच्या मशीनला बूट मेन्यू एफ-टूला येतो, का एफ-ट्वेल्व्हला?’’