देव कडेवर होता, महाशय!

अनामिक महाशय,



१५ फेब्रुवारी २००७ रोजी अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनच्या चेहऱ्याचं एक डॉलरचं नवं नाणं चलनात आलं. दिवंगत राष्ट्राध्यक्षांच्या स्मरणार्थ काढलेल्या मालिकेतलं ते पहिलं. त्याच सुमारास तुमची ईमेल फिरू लागली. सरकारने नाण्यावरून ‘इन गॉड वी ट्रस्ट’ हे ब्रीद काढून टाकलं, देवाला हाकलून दिलं, असा तुमचा शोध. शोधापाठोपाठ आदेश: हे नाणं घेऊ नका, दुकानदाराने सुट्टे म्हणून दिलं तर परत करा, आपण सगळे मिळून ते चलनातून घालवू. आणि शेवटी, अर्थातच, ‘पुढे पाठवा’. लोकांनी ते पुढे पाठवलं, कारण ते भाबडे आणि श्रद्धाळू होते. तुम्ही नेमका याचाच फायदा घेतलात.

ते नाणं आत्ता माझ्या तळहातावर आहे. पितळी झाक असलेलं, साडेसव्वीस मिलिमीटर व्यासाचं, वजन आठ ग्रॅमहून किंचित जास्त. एका बाजूला वॉशिंग्टन, दुसऱ्या बाजूला मशाल उंचावलेली स्वातंत्र्यदेवता. आता ते दोन बोटांत उभं धरायचं आणि अंगठ्याने सावकाश फिरवायचं. कडेवर नखाला लागतात अशी खोदीव अक्षरं आहेत. साल आहे, टांकसाळीचं चिन्ह आहे, ‘ई प्लुरिबस युनम’ हे लॅटिन ब्रीद आहे, आणि ‘इन गॉड वी ट्रस्ट’ही आहे, पूर्ण, एकही अक्षर न गाळता. ज्या देवासाठी तुम्ही अख्ख्या देशाला रस्त्यावर बोलावत होतात, त्याच्यासाठी अंगठा हलवण्याची तसदी तुम्ही घेतली नाहीत.

यात लपूनछपून झालेलं काहीही नव्हतं. डिसेंबर २००५ मध्ये अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सही केलेल्या कायद्यातच हा मजकूर कडेवर घालावा असं लिहिलं होतं. कारणही साधं होतं. कडेवर मजकूर गेला की नाण्याच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होते आणि चित्रं मोठी करता येतात. कडेवर लिहिण्याची पद्धतही नवी नव्हती. १७९४ च्या पहिल्या अमेरिकन चांदीच्या डॉलरच्या कडेवर अक्षरं होती. पुढे १९३० च्या दशकानंतर ती चालू नाण्यांवरून नाहीशी झाली होती, ती या नाण्याने परत आणली. मला या जुन्या कसबाचं फार अप्रूप आहे, म्हणूनच तुमचा राग जास्त येतो. ज्या जागेचं कौतुक व्हायला हवं होतं, ती जागा तुम्ही पापाची खूण करून टाकलीत.

तुम्ही म्हणाल, कड कोरी असलेली नाणी निघाली होती की नाही? निघाली होती, आणि तेही सांगतो. हे नाणं घडवताना आधी दोन्ही बाजूंचे ठसे उमटतात. मग कडेवरची अक्षरं दाबण्यासाठी ते दुसऱ्या यंत्रात जातं. तिथे नाणी कशीही पालथी-उताणी जातात, म्हणून काही नाण्यांवर कडेची अक्षरं सुलट दिसतात, काहींवर उलट. वॉशिंग्टनच्या नाण्यांपैकी बरीच, मुख्यतः फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतली, या दुसऱ्या यंत्रात गेलीच नाहीत. मार्च २००७ च्या सुरुवातीला टांकसाळीने चूक मान्य केली. अशी नाणी किमान ५० हजार असावीत, असा अंदाज जाणकारांनी तेव्हा बांधला. संग्राहकांनी त्यांच्यावर उड्या घातल्या आणि काही नाणी सुरुवातीला शेकडो डॉलरला गेली. पण त्या कोऱ्या कडेवरून सालही गेलं होतं, टांकसाळीचं चिन्हही गेलं होतं, लॅटिन ब्रीदही गेलं होतं. सरकारला देवाशी वैर होतं म्हणावं, तर मग सालाशी कसलं वैर होतं? कारखान्यातली एक पायरी सुटली, याला तुम्ही नास्तिकांचा कट म्हणालात. बिनचूक कोरलेल्या बाकीच्या कोट्यवधी नाण्यांबद्दल मात्र चकार शब्द काढला नाहीत.

या ब्रीदासाठी याआधीही लोक भांडले आहेत, पण ते उजेडात उभे राहून भांडले. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलेलं असताना पेनसिल्वेनियातल्या वॉटकिन्सन या धर्मोपदेशकाने अर्थमंत्री सॅमन चेस यांना पत्र लिहिलं आणि नाण्यांवर देवाचा उल्लेख असावा अशी विनंती केली. पत्राखाली त्याची सही होती. त्यातूनच १८६४ मध्ये दोन सेंटच्या नाण्यावर हे ब्रीद पहिल्यांदा आलं. १९०७ मध्ये शिल्पकार सेंट-गॉडन्स यांनी घडवलेल्या सोन्याच्या नाण्यांवर ते नव्हतं. तेव्हा खरंच गहजब झाला. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी लेखी उत्तर दिलं की देवाचं नाव पैशांवर छापणं हीच मुळात विटंबना आहे. लोकांना ते पटलं नाही, संसदेला पटलं नाही, आणि १९०८ मध्ये कायदा करून ब्रीद परत आणलं गेलं. मला यातलं कोण बरोबर वाटतं, हा इथे प्रश्न नाही. दोन्ही बाजूंची माणसं आपल्या नावाने बोलत होती, आणि मुख्य म्हणजे तेव्हा ब्रीद खरोखरच नाण्यावर नव्हतं. तुम्ही नसलेल्या अपमानाची दवंडी पिटलीत, तीही तोंड लपवून.

तुमच्या आदेशाची झळ अर्थमंत्र्याला बसली नाही. ती बसली गल्ल्यावरच्या माणसाला. मागे रांग लागलेली असताना गिऱ्हाईक नाणं परत सरकवतं आणि त्याला धर्माबद्दल ऐकवतं, तेव्हा तासाच्या मजुरीवर काम करणाऱ्या त्या पोराने काय करावं? त्याने ते नाणं पाडलं नव्हतं, त्याच्या हाती ते बँकेच्या पुडक्यातून आलं होतं. त्याचा विचार तुमच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

हे नाणं रुळलं नाही याचं सगळं खापर मी तुमच्या माथी फोडणार नाही. कागदी डॉलर चालू ठेवला की धातूचा डॉलर कुणी खिशात बाळगत नाही. १९७९ चं सुझन बी. अँथनींचं नाणं आणि २००० चं सॅकागविआचं नाणं यांचीही तीच गत झाली होती. डिसेंबर २०११ मध्ये सरकारने चलनासाठी ही नाणी पाडणं थांबवलं, तेव्हा सुमारे १४० कोटी नाणी तिजोऱ्यांत पडून होती. पण एका गोष्टीत तुमच्यासारख्यांचा हात नक्की आहे. डिसेंबर २००७ मध्ये, पहिलं नाणं येऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हाच संसदेने कायदा करून ब्रीद कडेवरून दर्शनी बाजूला आणायला लावलं आणि २००९ पासून ते तिथे दिसू लागलं. ज्या शब्दांना कुणी हात लावला नव्हता, त्यांच्यासाठी कायदा बदलावा लागला.

तुमची जात आमच्याकडेही आहे, म्हणून मराठीत लिहितो आहे. दोन रुपयांच्या नाण्यावर २००६ च्या सुमारास एकमेकींना छेदणाऱ्या रेघा आल्या. ती विविधतेतल्या एकतेची खूण होती, पण काहींना त्यात क्रॉस दिसला आणि ओरड सुरू झाली. दहा रुपयांच्या नाण्यापायी तर किती जणांनी सोसलं! दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं, असं कुणीतरी सोडून दिलं आणि वाणी, रिक्षावाले, भाजीवाल्या नाणं हातात घेईनात. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की दहा रुपयांच्या नाण्याचे तोवर निघालेले चौदाही नमुने चालतात. त्यानंतरही ‘हे इथे चालत नाही’ हे उत्तर मी महाराष्ट्रात ऐकलं आहे. दिवसभराची कमाई नाण्यांत मोजणाऱ्या बाईला ते ऐकवलं जातं, तेव्हा ती पुडी सोडणारा आपल्या घरी निवांत असतो.

आणि आता तुमच्या नजरेतून सुटलेली गोष्ट. त्या वॉशिंग्टनच्या नाण्यावरून एक शब्द खरोखरच काढलेला आहे. अमेरिकेच्या १७९२ च्या पहिल्या नाणे-कायद्याने प्रत्येक नाण्यावर ‘लिबर्टी’ हा शब्द घालायला सांगितलं होतं. २००५ च्या कायद्याने या मालिकेपुरता तो वगळला. मागच्या बाजूला स्वातंत्र्यदेवता आहेच, तेवढी पुरे, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पुढून, मागून, कडेवरून कुठूनही पाहा, तो शब्द सापडत नाही. देशाच्या पैशांवर दोनशेहून जास्त वर्षं मिरवलेला स्वातंत्र्य हा शब्द गेला, आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नाही! देवाच्या नावाने माणसं चटकन पेटतात, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही तिथेच काडी लावलीत.

तुमच्याकडून माझी मागणी एकच आहे. ज्यांना ज्यांना ती ईमेल धाडलीत, त्यांची यादी काढा आणि प्रत्येकाला कळवा की मी नाणं न पाहता लिहिलं होतं, अक्षरं कडेवर आहेत, स्वतः फिरवून वाचा. तेही ‘पुढे पाठवा’ म्हणून सांगा.

कळावे.