टाकी किती लिटरची?

विमानाचे नकाशे काढणारा माणूस थंड मुलखातला असावा आणि त्याला शेजारी नसावेत, असं माझं मत झालं आहे. नकाशाच्या कोपऱ्यात तो बारीक अक्षरांत लिहितो, की सपाट फळा घ्यावा, त्यावर नकाशा अंथरावा, वर मेणकागद टाकावा, लाकडाचे तुकडे टाचण्यांनी जागेवर रोवावेत, चिकटवावेत आणि रात्रभर कोणी हात लावू नये. अंबडमध्ये रात्रभर कोणी हात लावत नाही अशी वस्तू माझ्या पाहण्यात नाही. विजेच्या डीपीलासुद्धा लोक लांब काठीने का होईना, हात लावतात.

मला करायचं होतं ते पायपर कब. अमेरिकेतलं १९३०च्या दशकातलं शिकाऊ विमान. दोन माणसांचं, पिवळंधमक, अंगावर काळी वीज काढलेली. खरं म्हणजे आपल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं 'पुष्पक' करायची इच्छा होती. १९५८ साली ते पहिल्यांदा उडालं आणि पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांत किती तरी जण त्याच्यावर शिकले. पण नकाशा मिळाला तो कबचा. मूळ कबचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३५ फूट ३ इंच. माझं विमान त्याच्या पाव मापाचं, म्हणजे ८ फूट १० इंच. आमची पुढची खोली दहा बाय बारा. त्यात दिवाण, टीव्ही आणि आई.

नकाशा फाइलमध्ये होता, तो खऱ्या मापात छापून घ्यायचा होता. झेरॉक्सवाल्याची मजल ए-थ्रीपर्यंत, म्हणून फ्लेक्सवाल्याकडे गेलो. गावातले सगळे वाढदिवस याच्याच मशीनमधून बाहेर पडतात. त्याने फाइल उघडली, पंखाच्या बरगड्यांची रांग पाहिली आणि सवयीने विचारलं, "फोटो कुणाकुणाचे टाकायचे?"

"फोटो नाहीत. आहे तसं छापायचं."

"शुभेच्छुक?"

"नाहीत."

एवढा मोठा फ्लेक्स आणि शुभेच्छुक एकही नाही, याचं त्याला वाईट वाटलं असावं. "जागा लई रिकामी राहती सर, मी थोडं आडवं ओढून बसवतो," म्हणाला. पुढाऱ्याचा चेहरा आडवा ओढला तर तो फक्त सुखवस्तू दिसतो. पंखाची बरगडी ओढली तर तिची लांबी वाढते, जाडी तेवढीच राहते, आणि पंखाची विमान उचलण्याची रीतच बदलते. कबच्या बरगडीच्या आकाराला 'यूएसए ३५ बी' असं रीतसर नाव आहे. ओढल्यावर ते नाव तिला लावता येणार नाही. मी मशीनशेजारी पट्टी घेऊन उभा राहिलो, तेव्हा कुठे मापात छपाई झाली.

मग सपाट फळा. लाकडी विमानं करणारे लोक त्यासाठी सरळ एक फ्लश डोअर विकत घेतात, हे वाचून होतो. हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

"चौकट कितीची आहे?" शेठनी विचारलं.

"चौकट नाही."

"मग दार कशाला लावता?"

"लावायचं नाही. आडवं ठेवायचंय. विमानासाठी पाहिजे."

शेठ थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी आत हाक मारली, "सरांच्या विमानाचं दार काढ रे, सहा-नऊचं!" दुकानात तेव्हा चार गावांची माणसं होती. दुपारपर्यंत सगळीकडे झालं, की सरांच्या विमानाला पावणेसात फुटी दार आहे. दार एवढं तर विमान केवढं, याचा हिशोब ज्याने त्याने आपापल्या परीने केला. संध्याकाळी एक गृहस्थ घरी आले, चहा घेतला आणि तिरुपतीपर्यंत जाईल का, असं हळूच विचारून गेले. त्यांना मी हसलो नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, ते २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं, २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदही झाली. गच्चीवर विमान होतं हे टीव्हीवर पाहिलेल्या माणसाने आमच्या पुढच्या खोलीवर अविश्वास का दाखवावा?

लाकूड कुरियरने आलं. बाल्साच्या पट्ट्या तीन फूट लांब, तीन-चार इंच रुंद. खोकं इतकं हलकं, की कुरियरवाल्या पोराने ते रिकामं असल्याची लेखी खात्री मागितली. आईने एक पट्टी हातात घेतली आणि म्हणाली, "हे तर बाशिंगाचं भेंड." भेंड हे पाणथळीतलं झुडूप आणि बाल्सा हे इक्वेडोरकडचं झाड, त्यामुळे तिचं बरोबर नव्हतं, पण फार चुकलंही नव्हतं. बाल्सा आपल्या काटेसावरीचा भाऊबंद, एकाच कुळातला. हल्ली तो महाग झाला आहे, कारण पवनचक्क्यांच्या पात्यांच्या पोटात तो भरतात. बीड-धाराशिवकडे जी पाती ट्रेलरवरून जाताना दिसतात, तसल्या पात्यांनी माझ्या पंखाचा भाव वाढवला, हे कळल्यापासून मी त्या ट्रेलरांना साइड देत नाही.

आमच्या गल्लीतले सुतारमामा लाकूड बघायला आले. मी त्यांना सांगितलं, की वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने बाल्सा 'कठीण लाकडा'त मोडतो, कारण ते फुलं येणाऱ्या, रुंद पानांच्या झाडाचं असतं. मामांनी अंगठ्याचं नख पट्टीत रोवलं, उमटलेला खड्डा मला दाखवला आणि म्हणाले, "पुस्तक लिवणाऱ्यानं लाकूड पाह्यलं नव्हतं." दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी 'मॉस्किटो' नावाचं लढाऊ विमान बर्च आणि बाल्साचे थर चिकटवून केलं, त्याचे भाग फर्निचरच्या कारखान्यांत बनले, हेही सांगितलं. मामा सावरून बसले. "म्हंजे सुतारांनीच केलं की." त्या क्षणापासून विमान माझं राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना ते रंधा घेऊन हजर.

नकाशात माझ्या कबच्या पंखाला एक खोड दाखवली होती. टोकाकडे जाताना पंखाची मागची कड किंचित वर उचललेली ठेवायची, म्हणजे पंखाला हलकासा पीळ येतो. विमान फार हळू झालं की पंखावरून वाहणारी हवा सुटते आणि पंख उचलायचं थांबतो. ती आधी टोकापाशी सुटली तर एक बाजू धाडकन खाली जाते आणि विमान गरगरत येतं. पीळ दिला की हवा आधी मधल्या भागात सुटते, टोकं शेवटपर्यंत काम करत राहतात आणि उडवणाऱ्याला सावरायला वेळ मिळतो. हे सगळं मला माहीत होतं. गल्लीला नव्हतं.

मामांनी एक डोळा मिटून पंखाच्या कडेवरून नजर टाकली. "पीळ हाय."

"मुद्दाम दिलाय मामा."

"मुद्दाम पीळ कोन देतं?"

त्यांनी वाद घातला नाही, फक्त बाहेर ओट्यावर जाऊन बसले. पण ओट्यावर बसलेल्या सुताराने तोंड उघडणं आणि गावात दवंडी होणं यात फार अंतर नसतं. येणारा-जाणारा आत डोकावून एक डोळा मिटू लागला. शेजारच्या काकांना तर माझी दयाच आली. माणसाने हौसेने एवढं केलं, वाकडं झालं, आता लाजेखातर मुद्दाम म्हणतोय, असा त्यांनी अर्थ लावला आणि मी रात्री जेवायला आत गेल्यावर घरातला वरवंटा आणून पंखाच्या टोकावर ठेवला. शिवाय सुटू नये म्हणून वर ज्वारीची पिशवी. सकाळी पंख दारासारखा सपाट. काका ओट्यावर उभे होते, आभाराची वाट बघत.

पंखाचा तो भाग पुन्हा सोडवून चिकटवला. मग काकांना घेऊन मत्स्योदरीच्या टेकडीवर गेलो. तिथे दुपारी घारी फिरतात. "बघा काका, वळताना घार पंखाची टोकं कशी पिळते." काकांनी बराच वेळ पाहिलं. देवीला हात जोडले. उतरताना म्हणाले, "घारीला अक्कल असती सर. तुमच्या लाकडाला कोन सांगनार?"

याच सुमारास गल्लीतले निवृत्त गुरुजी 'वैमानिकशास्त्र' घेऊन आले आणि परदेशी नकाशा सोडून यावरून बांधा म्हणाले. त्यांना मी नम्रपणे सांगितलं, की बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी १९७४ साली त्या पुस्तकातले नकाशे तपासले होते आणि त्यातलं एकही विमान उडणार नाही, असा निष्कर्ष काढला होता. गुरुजी म्हणाले, "त्यांनी बांधून पाहिलं का?" नव्हतं पाहिलं. "मग?" १८९५ साली गिरगाव चौपाटीवर तळपद्यांनी विमान उडवल्याची गोष्ट त्यांनी सांगितली. तिला समकालीन भक्कम पुरावा नाही, असं मी म्हणालो. गुरुजींनी माझ्या पंखाकडे एक डोळा मिटून पाहिलं आणि ते गेले.

सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न मात्र वेगळाच होता. आमचा जिल्हा कापसाचा आणि मोसंबीचा. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. बांधावर फवारणीचे ड्रोन आले आहेत, बचतगटाच्या बायका 'ड्रोन दीदी' होऊन ते चालवतात. त्यामुळे ज्याला पंख आहेत त्याला टाकी असणारच, हे शेतकऱ्याने गृहीत धरलेलं असतं.

"टाकी किती लिटरची?"

"पेट्रोलची? अर्धा लिटर."

"औषधाची हो."

"हे फवारत नाही."

"मग काय करतं?"

"उडतं."

"उडून?"

"परत येतं."

"रिकामंच?"

याला उत्तर नाही. पुण्यात सदानंद काळे वर्षानुवर्षं मैदानांवर अशी विमानं उडवून दाखवत आले आहेत, एनसीसीच्या एअर विंगची पोरं आपल्या शिबिरांत मॉडेल उडवतात, हे मी सांगून पाहिलं. लोक ऐकून घेत आणि दहा लिटरची तरी बसवाच, असा सल्ला देऊन जात. विमान तयार होऊन सगळं धरून साडेसात किलो भरणार होतं. दहा लिटर औषध घेऊन ते उडण्याऐवजी शेतात पेरलं गेलं असतं.

सांगाड्यावर पिवळी फिल्म इस्त्रीने बसवायची होती. बायकोने इस्त्री दिली, पण ती परत मागायला येईपर्यंत तिच्या तळाला काय चिकटलेलं असेल याबद्दल आधीच बोलून घेतलं. पिवळा रंग पाहून आईचा उरलेला विरोध मावळला. खंडोबाचा भंडारा म्हणाली.

इंजिन पेट्रोलचं, टू स्ट्रोक, तीस सीसी. माहितीपुस्तकात कार्बुरेटरच्या दोन स्क्रूंवर तीन पानं होती. ती वाचत बसलो असताना फवारणीचे पंप दुरुस्त करणारा मेकॅनिक सहज आला. "आपल्या पंपाचंच की हे," म्हणाला. "ऑइल किती टाकता, लिटरला पंचवीस मिली?" बरोबर तेवढंच होतं. त्याने चोक ओढला, पंखा फिरवला, कान लावला, स्क्रू पाव वळसा फिरवला आणि इंजिन असं एकसारखं बोलू लागलं, की आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा आदराने लांब बसली. त्याने पैसे घेतले नाहीत. फक्त आपल्या दुकानाचा स्टिकर विमानाच्या पोटाला लावला. नंतर पाहिलं, तर मामांनीही आपला मोबाइल नंबर आतल्या फळीवर पेन्सिलीने लिहून ठेवला होता.

जागेचा प्रश्न सगळ्यात अवघड. २०२१च्या ड्रोन नियमांत पंचवीस किलोपर्यंतच्या हौशी मॉडेलला नजरेच्या टप्प्यात उडवायला वाव आहे, चिकलठाण्याचा विमानतळही अंबडपासून लांब. कायद्याची अडचण नव्हती. अडचण जमिनीची होती. मे महिन्यात काळ्या रानाला अशा भेगा पडतात, की चाकच काय, लहान करडूही आत जाईल. पाचोड रोडच्या एका शेतकऱ्याने उपाय काढला. हरभरा काढलेलं रान त्याने रोटाव्हेटरने फिरवलं, पाणी मारलं आणि ट्रॅक्टरला फळी बांधून चोपून काढलं. "आमच्या शिवारात धावपट्टी," असं तो फोनवर मेव्हण्याला सांगत होता. सातबाऱ्यावर नोंद करून घेतो की काय, अशी मला भीती वाटली.

पहाटे वारा पडलेला असतो म्हणून उजाडताच जमलो. जमलो म्हणजे मी एकटा जाणार होतो. गेल्यावर कळलं की जत्रा आहे. एकाने चहाची किटली आणली होती. दोघांनी पंखाखाली बोट लावून विमान उचललं, ते न कलता राहिलं, म्हणजे तोल बरोबर जागी होता. मामांनी शेवटचा एक डोळा मिटला.

कब धावलं, शेपूट उचललं, डावीकडे ओढ घेऊ लागलं, मी उजवं रडर दिलं आणि धावपट्टी निम्मीही संपायच्या आत ते जमिनीवरून सुटलं. पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण समोरून येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं उलटं होतं आणि त्यातच मागून सूचना येत होत्या. "डावीकडं सर!" "आरं त्येंच्या डावीकडं का इमानाच्या?" "तारा हायेत पलीकडं!" "जरा फवारल्यावानी खालून घ्या!" मी खालून घेतलं. वेग कमी केला, आणखी कमी केला, विमान जवळजवळ हवेत थांबलं, पण पंख पडला नाही. टोकांनी पेलून धरलं. मामा शेजारच्याला सांगत होते, "पीळ दिलाय आम्ही मुद्दाम. त्याबिगर जमत नाही." काकांनी मान डोलावली.

उतरताना ते दोनदा उडालं आणि ट्रॅक्टरजवळ येऊन थांबलं. फ्लेक्सवाला पळत आला, "आता तरी शुभेच्छुक टाकू!"

त्याच्या मागोमाग एक तरुण आला. पुढच्या आठवड्यात त्याच्या भावाचं लग्न. हेलिकॉप्टरमधून फुलं टाकायची होती, पण भाडं परवडत नव्हतं. पोटाखाली डबा बसवला तर पाकळ्या किती बसतील? मी सांगितलं, की पाव किलो कोरड्या पाकळ्या नेता येतील, पण या खेळाचा पहिला नियम असा, की माणसांच्या गर्दीवरून विमान न्यायचं नाही. वरात, वऱ्हाड, मांडव, काहीही खाली चालणार नाही.

तो थोडा विचारात पडला.

"मग असं करू सर," म्हणाला, "वऱ्हाड मांडवातच बसवू. नवरदेवाला एकट्यालाच रानात उभा करू."