फ्रेम तेवढ्याच!

गेम अडखळतोय म्हटल्यावर चिरंजीव आधी काय करतात? 'गेम बूस्टर' नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकतात. म्हणजे मागे चालणाऱ्या गर्दीत आणखी एकाची भर. मग रॅमला सप्तरंगी दिवे लागतात. कॅबिनेट गणपतीच्या मखरासारखं झगमगतं, फ्रेम मात्र तेवढ्याच! नवं ग्राफिक्स कार्ड हप्त्यावर येतं आणि मॉनिटरची केबल खुशाल मदरबोर्डलाच खोचलेली. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वर डुलक्या घेतोय, ते कुणी बघायचं? हीटसिंकच्या पट्ट्यांत वर्षांची धूळ. प्रोसेसर तापला की बिचारा आपणहून वेग कमी करतो. तेव्हा बाबांकडे पुढचे पैसे मागण्याआधी पीसी बंद करा, झाकण उघडा, कोरडा ब्रश फिरवा. आणि हो, पंखा बोटाने धरून.