कनेक्टरची उचल

२०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेला यांनी बारामतीच्या उसाचे जाहीर कौतुक केले आणि आडसालीला एकदम आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठा आली. प्रयोग बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचा, सोबत मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ. जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रह यांची माहिती एकत्र करायची आणि पाणी किती, खत किती, हे शेतकऱ्याला मोबाइलवर कळवायचे. कौतुक अर्थातच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वाट्याला गेले. ‘एकत्र करायची’ हे काम ज्याच्या गळ्यात पडते त्या कनेक्टर नावाच्या सॉफ्टवेअरला कुणी श्रीफळही दिले नाही. खरे तर कनेक्टर म्हणजे ऊसतोडीचा मुकादम. इकडचा माल उचलायचा, तिकडे पोचवायचा आणि काम सुरू करण्याआधी टोकन नावाची उचल घ्यायची. टोकनची मुदत संपली की तोही मुकादमासारखाच बेपत्ता होतो आणि सगळी टोळी फडात बसून राहते. तरीही कनेक्टर बसवणे अवघड नाही. पत्ता, परवलीचा शब्द आणि टोकन दिले की दुपारच्या जेवणाआधी तो जोडला जातो. अवघड आहे ते पुढचे: या तक्त्यातला कुठला रकाना त्या तक्त्यातल्या कुठल्या रकान्याला जोडायचा. माझे म्हणणे असे की हे काम हिंजवडीच्या अभियंत्याचे नाही, उसाच्या नोंदी घेत फिरणाऱ्या साखर कारखान्याच्या चिटबॉयचे आहे.

क्षेत्राचाच रकाना घ्या. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, शेतकऱ्याच्या तोंडी एकर-गुंठ्यांत. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाला दिसणारा सर्वांत बारीक चौकोन दहा मीटर बाय दहा मीटरचा, म्हणजे चोख एक आर. आणि गुंठा भरतो १०१ चौरस मीटरच्या आसपास. युरोपचा उपग्रह जवळजवळ गुंठ्यातच बघतो हे कळल्यावर बारामतीशेजारच्या इंदापूरकराला त्याच्याविषयी आपुलकी वाटायला हरकत नाही. पण उपग्रहाला गुंठा दिसतो, बांध कुणाचा ते दिसत नाही. एकाच गटात तीन भावांची तोंडी वाटणी झालेली असते, सातबाऱ्यावर अजून आजोबाच नांदत असतात, कारखान्याचा सभासद थोरला असतो आणि बिल जमा होते ते धाकट्याच्या बायकोच्या खात्यावर. कनेक्टर हे सगळे गट नंबरावर जुळवतो आणि मधल्याच्या खोडव्याचा पिवळेपणा कैलासवासी आजोबांच्या नावावर टाकतो. पाणी वाढवा, असा सल्लाही बहुधा त्यांनाच जातो.

काळाचे तर विचारूच नका. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते, साखरेचे १ ऑक्टोबरला, बँकेचे १ एप्रिलला. जुलैत लावलेली आडसाली पुढच्या वर्षाच्या अखेरीस, कधी त्याही पुढे तुटते. तोवर ती या तिन्ही वर्षांच्या भिंती ओलांडून गेलेली असते. ‘वर्ष’ नावाचा रकाना ‘वर्ष’ नावाच्या रकान्याला जोडला की सॉफ्टवेअर हिरवी खूण दाखवून मोकळे होते. किंवा ‘नीरा’ घ्या. ही नदी आहे, पुरंदर तालुक्यातले गाव आहे, बारामती-इंदापूरला पाणी देणारा डावा कालवा आहे, इंदापूरच्या नीरा-भीमा कारखान्याचे अर्धे नाव आहे आणि को ८६०३२ या उसाच्या वाणाचे पाळण्यातले नावही तेच. (सकाळी पितात ती वेगळी.) नुसता शब्द जुळवणाऱ्या यंत्राने कालव्यातून वाण सोडला तर दोष कुणाला द्यायचा?

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आता ॲग्रिस्टॅक या सरकारी योजनेचा शेतकरी ओळख क्रमांक आला आहे, तो सर्वत्र लावा, घोळ संपेल. काही घोळ नक्की संपतील. माणूस आणि त्याची जमीन एका क्रमांकाने बांधली जाणे हे मोठेच काम आहे. पण क्रमांक ओळी जुळवतो, अर्थ जुळवत नाही. इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा आणि खासगीतला बारामती ॲग्रो असे कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत. एकच फड दोन कारखान्यांकडे नोंदवणारा शेतकरी दोन्ही ठिकाणी तोच क्रमांक देईल. सॉफ्टवेअर म्हणेल, दुबार नोंद, एक पुसा. शेतकऱ्याच्या लेखी मात्र तो विमा आहे: ज्याची टोळी आधी येईल त्याचा ऊस. ती ओळ पुसली तर माहिती स्वच्छ होते आणि गाळपाचा अंदाज चुकतो. कुठली दुसरी नोंद चूक आणि कुठली हुशारी, हे गावोगाव मोटारसायकल फिरवणाऱ्या चिटबॉयला कुणी न सांगताच कळते.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळे आपोआप शिकेल. शिकेलच, पण जे पुढ्यात येईल तेच शिकेल. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवर ठरत असेल, तर कागदावरची लागण जमिनीतल्या लागणीच्या थोडी आधी होण्याचा मोह कुणाला होणार नाही? सेन्सर सांगतो कोंब कोवळा आहे, नोंद सांगते तो महिन्याने थोरला आहे. या भांडणात यंत्र नोंदीचे ऐकेल, कारण नोंदीवर शिक्का असतो.

राहिला शेवटचा आक्षेप: चिटबॉयला संगणकातले काय कळते? काही कळायला नको. अभियंत्याने एकेक रकाना मोठ्याने वाचावा आणि त्याने ‘हे नव्हे ते’ एवढे सांगावे. फक्त त्याला मोकळा गाठायचा तर गाळप आटोपायला हवे, आणि ते मार्चपर्यंत रेंगाळते. प्रकल्प पूर्ण झाल्याचा अहवाल मात्र ३१ मार्चच्या आत द्यायचा असतो.