जादा गणितांची मीमांसा: एक अल्पप्रबंध

१. प्रस्तावना
मालेगावच्या यंत्रमागांवर पुष्कळ लिहिले गेले, ‘मालेगाव के शोले’वरही लिहिले गेले. मात्र येथील बारावी सायन्सच्या विद्यार्थ्याला कॅल्क्युलसची जादा गणिते कुठून मिळतात, याकडे विद्वानांनी अक्षम्य दुर्लक्ष केले. वास्तविक विषयाची परंपरा थोर आहे. १८३२ साली ‘दर्पण’ सुरू करणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनीच ‘शून्यलब्धी’ हे विकलनावरचे मराठी पुस्तक लिहिले. ‘सर, अजून गणितं द्या ना’ हा संप्रदाय मात्र नंतरचा, क्लासयुगातला.

२. व्याख्या
बालभारतीच्या बारावी गणिताच्या दुसऱ्या भागात आठ प्रकरणे आहेत, त्यांतली पहिली सहा कॅल्क्युलसची. प्रकरणाअखेर संकीर्ण गणितांचा संग्रह, पुस्तकाअखेर उत्तरे. हे सारे कोरे ठेवून जे मागितले जाते, ते जादा गणित होय.

३. वर्गीकरण
(अ) गाइडोद्भव: पुस्तकातल्या पाचाचा सात करून सिद्ध केलेले.
(आ) झेरॉक्सज: मोसम पूल ओलांडून, वरच्या वर्गातल्या मुलाच्या वहीवरून मिळवलेले. यात संकलनाचे चिन्ह समासाबरोबर कापले जाते आणि विद्यार्थी भलतेच सोडवतो.
(इ) सीईटीय: ९० मिनिटांत ५०. चार पर्यायांमुळे येथे गणिताची जागा अनुमानशास्त्र घेते.
(ई) सोव्हिएत: मीर प्रकाशनाचा, देमिदोविच यांनी संपादित केलेला संग्रह. गणिते तीन हजारांवर. बाळगल्याने घरात दरारा वाढतो. उघडल्याने कमी होतो.

४. सिद्धांत
जादा गणित शोधायचे नसते, पाडायचे असते. कोणतेही फल घ्या, समजा ‘क्ष गुणिले साइन क्ष’. त्याचे विकलन केले की ‘साइन क्ष अधिक क्ष गुणिले कोस क्ष’ मिळते. आता हेच संकलनासाठी मित्रापुढे टाका. तो घामाघूम होईल. उत्तर तुमच्या खिशात आहे. हा साठा कधीच आटत नाही.

ज्याला शाब्दिक गणित हवे, त्याने मागाजवळ उभे राहावे. विणलेले कापड रुळावर ठरावीक वेगाने गुंडाळले जात आहे. रुळाची त्रिज्या किती वेगाने वाढते? कापडाचा वेग गुणिले जाडी, भागिले रुळाचा त्या क्षणीचा घेर. म्हणजे रूळ जाड होत जातो तसतशी वाढ मंदावते. बदलाच्या दराचा हा अख्खा धडा खडखडाटासह रात्रपाळीतही चालू असतो आणि त्याला फी नाही.

५. आक्षेप व निरसन
पूर्वपक्ष विचारतो: ‘हे परीक्षेत येईल का?’ हा आक्षेप बिनतोड आहे. म्हणून प्रस्तुत प्रबंधात त्याचा विचार केलेला नाही. ‘उत्तरं मागे नाहीत’ हा दुसरा आक्षेप टिकत नाही. संकलनाचे उत्तर पुन्हा विकलून पाहावे. मूळ गणित परत आले तर उत्तर बरोबर. तपासनीस विषयातच बसलेला आहे.

६. निष्कर्ष
तुटवडा जादा गणितांचा नाही, सोडवलेल्या गणितांचा आहे. सहाही प्रकरणांचे संकीर्ण संग्रह संपवून, मग जादा गणिते मागणारा विद्यार्थी कोणास आढळल्यास त्याला झेरॉक्सच्या दुकानात पाठवू नये. त्याला खुर्ची द्यावी आणि वर्गाला शिकवायला सांगावे.